चकचकीत दुकानाचा क्लेम

आग लागली शेजारच्या गादीवाल्याकडे, धूर शिरला कडकमावशींच्या लाँड्रीत आणि विम्याची भरपाई मिळाली गादीवाल्याला. हा कुठला न्याय, असं मावशी पुढे कित्येक दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून विचारत होत्या. खरं सांगायचं तर न्यायाची काही चूक नव्हती. घोळ मावशींनी स्वतःच घातला होता, तोही बाह्या सरसावून, गरम पाणी आणि साबण घेऊन.

त्यांना कडकमावशी का म्हणतात याची दोन कारणं सांगितली जात. आपली इस्त्री कडक असते म्हणून, असं मावशींचं म्हणणं. ज्यांनी त्यांच्याकडे कधी डाग पडलेला शर्ट दिला होता, ती गिऱ्हाइकं मात्र हे ऐकून गालातल्या गालात हसत. "हा डाग कशाचा? पाडला कुणी? आणि पडल्यावर लगेच का नाही आणलात?" अशी उलटतपासणी सुरू झाली की भले भले साहेब मान खाली घालून काउंटरपुढे उभे राहत. नवरा गेल्यावर लोकांना वाटलं, बाई आता दुकान विकणार. मावशींनी दुकान विकलं तर नाहीच, उलट मोठा बॉयलर घेतला, वाफेच्या इस्त्र्या घेतल्या आणि दवाखान्यांचे पांढरे कोट, हॉटेलांच्या चादरी असलं घाऊक काम धरलं. खाली दुकान, वर दोन खोल्यांचं घर. दोन्हीकडची फरशी अशी लखलखीत, की आलेला माणूस चपला बाहेर ठेवायच्या की आपणच बाहेर थांबायचं, या विचारात दारातच घुटमळे.

काउंटरवर त्यांची भाची बसे, राहायलाही ती मावशींकडेच. धाकट्या बहिणीची मुलगी. मावशी साऱ्या गल्लीच्या मावशी असल्या तरी सख्खी भाची ही एकच, आणि मावशींना उलट बोलायची परवानगीही तिला एकटीलाच. दुकानाचा आणि घराचा विमा तिनंच उतरवला होता. "आपण काय आग लावून घेणार आहोत का?" असं मावशींनी तेव्हा नाक मुरडून विचारलं होतं.

आग लागली त्या दिवशी भाची नेमकी आईकडे गेली होती. गादीवाल्याच्या मागच्या खोलीत वायर पेटली, तिथल्या फोमच्या गाद्यांनी पेट घेतला आणि बघता बघता गल्लीत बंब येऊन उभा राहिला. ज्वाळा भिंतीपलीकडेच राहिल्या. धूर मात्र झरोक्यांतून, पाइपांच्या भोकांतून मावशींकडे आला. साधा चुलीचा धूर नव्हे, तेलकट, काळा, चिकट. लाँड्रीच्या भिंती, छत, वरच्या खोल्या, हँगरला लावलेले कोट, सगळ्यावर काजळीचा थर बसला. मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या.

भाचीचा फोन आला. "मावशी, तू बरी आहेस ना? मग ऐक. कशाला हात लावू नकोस. मी विमा कंपनीला कळवलंय. त्यांचा सर्व्हेअर येईल, सगळं नीट बघेल, मग क्लेम भरायचा. ऐकतेयस ना?"

मावशी ऐकत होत्या. पण त्यातलं एकच वाक्य त्यांच्या डोक्यात शिरलं. परका माणूस येणार आणि सगळं नीट बघणार. घराची ही अशी दशा असताना!

पुढचं सांगायला नकोच. मावशींनी कामगारांना हाक मारली, गल्लीतल्या बायकांना हाक मारली, बघ्यांच्या हातातसुद्धा फडकी दिली. भिंती धुतल्या, छत घासलं, झरोक्यांत सळईला कापड गुंडाळून ते फिरवलं. काळं पाणी गटारातून वाहून गेलं. गिऱ्हाइकांचे सगळे कपडे नव्यानं धुतले, तेही फुकट. एवढं करून भिंतींवर पिवळी झाक राहिली म्हणून रंगाऱ्याला बोलावून वर पांढऱ्या रंगाचा हात मारून घेतला. भाची परत आली तेव्हा मावशी दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, चेहऱ्यावर पहिला नंबर आल्याचा आनंद.

भाची आत गेली, बाहेर आली आणि पायरीवर बसली. "मावशी, हे काय केलंस?"

"काय केलं म्हणजे? बघ कसं दिसतंय!"

"तेच तर! आधी कसं दिसत होतं त्याचा एक फोटो तरी?"

मावशींचा फोन बटणांचा. त्यावर फोटो निघत असला तरी त्यांनी कधी काढला नव्हता. भाची घरोघर फिरली. फोटो साऱ्या गल्लीनं काढले होते, पण सगळे पेटलेल्या गादीवाल्याचे, आणि उरलेले पेटलेल्या दुकानापुढे उभं राहून स्वतःचे. बंबवाल्यांच्या अहवालात शेजारी धूर गेल्याची एक ओळ होती, बस.

इकडे गादीवाला राखेच्या ढिगात स्टूल टाकून बसला होता. हा माणूस मुळातच आळशी. जळकी गादी उचलून बाजूला ठेवायचासुद्धा त्याला कंटाळा. त्याच्याकडे सर्व्हेअर आला, त्यानं पाहिलं, लिहिलं आणि क्लेम मंजूर. मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला तो इथे.

मग तोच सर्व्हेअर लाँड्रीत आला. किडकिडीत, चष्मेवाला, बगलेत फाइल आणि गळ्यात कॅमेरा. माणूस सभ्य होता. त्यानं बूट बाहेर काढले, हे मावशींना आवडलं. त्याच्यासाठी त्यांनी काउंटरवर टेबलक्लॉथसुद्धा घातला होता.

"नुकसान कुठं झालंय, मावशी?"

"नुकसान?" मावशींची मान ताठ झाली. "एक डाग दाखवा. सापडला तर आयुष्यभर तुमचे कपडे फुकट धुईन."

भाचीनं मागून त्यांच्या दंडाला चिमटा काढला. मावशींना वाटलं, बक्षीस जरा जास्तच झालं. "बरं, वर्षभर," त्या म्हणाल्या.

सर्व्हेअरनं भिंतीवरून बोट फिरवलं. बोट होतं तसंच निघालं. त्यानं छत पाहिलं, वरच्या खोल्या पाहिल्या, कपाटांची दारं उघडून पाहिली. भाची त्याच्या मागे मागे धावत धूर कुठून आला, काय काय काळं झालं होतं ते सांगत होती, आणि मावशी तिच्या मागे मागे धावत ते सगळं आता किती स्वच्छ आहे ते सांगत होत्या. शेवटी त्यानं फाइल मिटली.

"तुम्ही खोटं सांगताय असं मी म्हणत नाही," तो भाचीला म्हणाला. "साफसफाई करायलाही कुणाची ना नसते, फक्त आधी आम्हाला दाखवायचं असतं. मला जे दिसेल तेच मी लिहू शकतो. आणि इथं मला माझं तोंड दिसतंय."

तो गेल्यावर भाचीनं कपाळाला हात लावला. मावशी मात्र दिवसभर खुशीत होत्या. इतका शिकलेला माणूस, त्याला एक डाग सापडला नाही!

ही खुशी बॉयलर सुरू होईपर्यंत टिकली. धुरानं त्याचे भाग चोंदले होते, मेकॅनिकनं ते खोलून साफ केले होते आणि तोवर वाफेच्या इस्त्र्या बंद होत्या. मेकॅनिकनं होकार दिला त्या सकाळी मावशींनी उत्साहानं पहिला कोट इस्त्रीवर पसरला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा, पांढराशुभ्र. वाफ सुटली, खोलीत पसरली, आणि थोड्या वेळानं कोटाच्या खांद्यावर टपकन काहीतरी पडलं. तपकिरी थेंब. मावशींनी वर पाहिलं. छतावर, नव्या पांढऱ्या रंगातून, तपकिरी घाम फुटला होता.

त्यांनी पटकन इकडेतिकडे पाहिलं. भाची बँकेत गेली होती. मावशी स्टुलावर चढल्या, छत पुसलं, भिंती पुसल्या, कोट पुन्हा धुतला आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. जिथं जिथं धूर मुरला होता तिथून वाफेनं तो बाहेर ओढला जात होता आणि मावशी फडकं घेऊन त्याला आत ढकलत होत्या. वर कपड्यांना वास यायला लागला. धुतले की जाई, दुकानात टांगले की परत येई. हॉटेलवाल्यानं चादरी परत पाठवल्या. डॉक्टरीणबाईंनी निरोप दिला की काही दिवस आम्ही दुसरीकडे देऊन बघतो. मावशी म्हणाल्या, त्या बाईचं नाकच खराब आहे. पण तो निरोप आल्यावर त्या वरच्या खोलीत जाऊन बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या.

त्यातच कंपनीचं पत्र आलं. पाहणीत नुकसान आढळलं नाही, सबब क्लेम नामंजूर.

मुलाला कळलं. मावशींचा एकुलता एक मुलगा दूरच्या शहरात मोठ्या नोकरीवर होता. "आई, आता पुरे झालं," तो फोनवर म्हणाला. "दुकान काढून टाकू. तू इकडे ये. तुझ्यासाठी खोली आहे, काही काही करायचं नाही, नुसता आराम."

त्याच्या आवाजात माया होती आणि म्हणूनच मावशींचं धाबं दणाणलं. त्या एकदा राहून आल्या होत्या तिथे. कपडे धुवायला यंत्र, भांडी घासायला यंत्र, केर काढायलाही एक चपटं, गोल यंत्र, आपलं आपण घरभर फिरणारं. एक अख्खी दुपार मावशींनी त्याच्या मागे मागे हिंडून काढली होती, कुठं काही राहतंय का बघत. सून गोड होती. "आई, तुम्ही बसा," एवढंच दिवसभर म्हणायची. बसून बसून मावशींना ताप भरला होता. आता तिथंच कायमचं जायचं, बसायला. बोलणार काय? गिऱ्हाईक तुटत चाललेलं, भिंतींचं नवं काम करायला हातात काही नाही. गादीवाल्यानं तर भरपाई आल्यापासून दुकान वाढवायचा विचार चालवला होता आणि मावशींच्या शटरची रुंदी टेपनं मोजताना भाचीनं त्याला पकडलं होतं.

"ये तू," मावशी मुलाला म्हणाल्या. "बघू."

एका पहाटे भाची पाणी प्यायला उठली आणि खालून खुडबुड ऐकू आली म्हणून जिना उतरली. मावशी स्टुलावर उभ्या, हातात फडकं, आणि छताच्या कोपऱ्यातून भिंतीवर तपकिरी ओघळ. मावशी दचकल्या. फडकं पाठीमागे लपवायला गेल्या, तर स्टूल डगमगलं.

"मावशी, हे काय आहे?"

"काही नाही. ओल आहे."

भाचीनं ओघळाला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. जळक्या गादीचा वास. "कधीपासून चाललंय हे?"

"इस्त्री सुरू केल्यापासून," मावशी पुटपुटल्या. चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "बाहेर बोलू नकोस गं. लोक काय म्हणतील? कडकमावशींच्या दुकानाला घाण सुटलीय?"

आणि भाची नाचायला लागली. खरंच नाचायला लागली, त्या पहाटे, अनवाणी, लाँड्रीच्या मधोमध. "मावशी! अगं हेच तर हवं होतं! आपलं नुकसान! आहे की जागच्या जागी! तू ते धुतलंच नव्हतंस!"

"मी धुतलं नव्हतं?" मावशींना हे फार लागलं.

"नाही धुतलंस! तुला जमलंच नाही, देवाची कृपा!"

भाचीनं कंपनीला पत्र लिहिलं की नुकसान आता उघड झालं आहे, पुन्हा पाहणी करा. बरीच पत्रं, बरेच फोन झाले, आणि सर्व्हेअर एकदा, शेवटचं, येऊन जाईल असं उत्तर आलं. तोवर भिंतीला कुणीही हात लावायचा नाही, असं भाचीनं बजावलं. बजावून भागणार नाही हे ठाऊक असल्यामुळे तिनं फडकी, ब्रश, साबणाचे डबे कपाटात कोंबले आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. मावशींची अवस्था बघवत नव्हती. जेवताना त्यांची नजर त्या ओघळांवर, झोपताना मन त्या ओघळांवर. कुणी गिऱ्हाईक आलं की त्या ओघळाच्या पुढे उभ्या राहत, आणि ओघळ पुष्कळ असल्यामुळे त्यांना सारखं इकडून तिकडे सरकावं लागे.

पाहणीच्या दिवशी सकाळी मुलगाही आला, मावशींचं सामान न्यायला रिकाम्या बॅगा घेऊन. भाची त्याला घ्यायला स्टेशनवर गेली. दोघं परतले तेव्हा सर्व्हेअर दारात बूट काढत होता. भाची हसत हसत आत शिरली आणि जागच्या जागी थिजली.

भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या. छत पांढरंशुभ्र. मावशी एका कोपऱ्यात उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात त्यांचीच जुनी ओढणी होती, ओलीचिंब, काळीकुट्ट.

"पाहुणे येणार होते गं," त्या अगदी लहान आवाजात म्हणाल्या. "माझा हात राहिनाच."

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. सर्व्हेअरनं चारी बाजूंना पाहिलं, फाइल उघडली आणि उसासा टाकला. "मावशी, मी काय लिहू सांगा? मला खरंच वाईट वाटतंय. पण गेल्या खेपेलाही असंच होतं आणि आताही तसंच आहे."

मुलानं मावशींच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे आई. चल, वर जाऊन तुझे कपडे भरू."

आयुष्यात मावशींना एवढी लाज कधी वाटली नव्हती. डागाची लाज नव्हे ही. आपणच आपलं घर पुसून टाकलं, एकदा नव्हे दोनदा, आणि आता आपल्यालाच इथून पुसून नेणार आहेत. त्यांनी मुलाच्या हातातल्या बॅगेकडे पाहिलं. मग सर्व्हेअरकडे पाहिलं. तो फाइलचा बंद बांधत होता.

"थांबा," मावशी म्हणाल्या.

आवाज असा होता की सर्व्हेअरच्या हातातला बंद सुटला. मावशींनी ताडताड जाऊन शटर खाली ओढलं. झरोके लावले. जिन्याचं दार लावलं.

"आई, काय करतेयस?"

"तू त्या स्टुलावर बस. साहेब, तुम्ही इथं, मधोमध. पोरी, इस्त्र्या सगळ्या उघड." आणि मावशींनी बॉयलर पेटवला.

पाणी तापायला थोडा वेळ लागला. मग वाफ सुटली, एका इस्त्रीतून, दुसरीतून, सगळ्यांतून एकदम. मावशी पायानं दट्ट्या दाबत एका इस्त्रीकडून दुसरीकडे जात होत्या. खोलीत धुकं भरलं. मुलाचा चष्मा धुरकटला, सर्व्हेअरचा चष्मा धुरकटला, सगळ्यांचे केस कपाळाला चिकटले. भिंत मात्र पांढरीच. मावशी तिच्याकडे टक लावून बघत होत्या. जन्मभर डागांना 'जा' म्हणत आलेली बाई मनातल्या मनात हात जोडून 'ये, ये रे बाबा' म्हणत होती. पण सकाळीच त्यांनी भिंत अशी काही घासली होती की यायलाही जागा उरली नसावी.

"मावशी, मला पुढं अजून एक काम..." सर्व्हेअर चष्मा पुसत म्हणाला.

"जागचे हलू नका!"

त्यांनी बॉयलरचा वाफेचा पाइप सोडवला आणि थेट गादीवाल्याच्या बाजूच्या भिंतीवर धरला. झरोक्याच्या कडेला पिवळी रेघ उमटली. बारीकशी. ती खाली सरकली, तपकिरी झाली, जाड झाली. शेजारी दुसरी आली. मग जणू साऱ्या भिंतीला एकदम आठवण झाली. वरून, मधून, कोपऱ्यांतून ओघळच ओघळ सुटले, छत थेंबाथेंबानं गळायला लागलं, जळक्या गाद्यांचा वास असा भपकन आला की मुलानं नाकाला रुमाल लावला. एक मोठा तपकिरी थेंब सुटला आणि सर्व्हेअरच्या परीटघडीच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर खिशावर, पसरला.

"आला! आला!" मावशींनी टाळ्या वाजवल्या. "बघा! घाण आहे! माझं दुकान घाण आहे! भिंती घाण आहेत, छत घाण आहे! लिहा साहेब, लिहा! मी पुसलं, दहा वेळा पुसलं, मला नाही जमलं! लिहा तिथं, कडकमावशींना नाही जमलं!"

त्या इतक्या मोठ्यानं ओरडत होत्या की शटरपलीकडे गल्ली गोळा झाली. आत नक्की काय चाललंय ते कुणाला कळेना. पण मावशी आपल्या दुकानाला घाण म्हणताहेत हे कळलं आणि लोकांनी तोंडात बोटं घातली.

सर्व्हेअर तोवर कामाला लागला होता. कॅमेऱ्याची काच पुसायची, फोटो काढायचा, पुन्हा पुसायची. त्यानं खिशातला स्क्रू ड्रायव्हर भिंतीत घुसवून प्लास्टरचा कपचा काढला. पांढऱ्या रंगाखाली तो आरपार तपकिरी होता. "आतपर्यंत मुरलंय," तो म्हणाला आणि त्यानं कपचा पिशवीत बंद केला. "हे धुऊन निघणारं नाहीच. पार विटांपर्यंत काढावं लागेल. मी पहिल्या खेपेलाच खरवडून बघायला हवं होतं. भिंती इतक्या सुंदर होत्या की हातच झाला नाही."

"वर चला, वर," मावशींनी त्याची बाही धरली. "वरच्या खोल्यांत याहून जास्त आहे. स्वयंपाकघरात तर विचारू नका, चला, दाखवते!" लोक नव्या सुनेचे दागिने दाखवतात तशा हौसेनं त्या त्याला खोल्याखोल्यांतून फिरवत होत्या. किटलीची वाफ धरून कोपरान् कोपरा त्यांनी उघडा पाडला. भाची मागून लिहून घेत होती आणि हसू आवरत नसल्यामुळे तिचं अक्षर तिलाच नंतर वाचता आलं नाही.

खाली आल्यावर मावशींचं लक्ष त्याच्या खिशाकडे गेलं. "अगंबाई, काढा तो शर्ट. आत्ता पाण्यात टाकला तर..."

"मावशी!" भाची, मुलगा आणि सर्व्हेअर एका सुरात ओरडले.

मावशींनी हात मागे घेतला. सर्व्हेअरनं कॅमेरा भाचीच्या हातात दिला, छाती पुढे काढली आणि त्या डागाचा फोटो काढून घेतला.

काही दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. दुकानाच्या भिंती, छत, वरचं घर, वास बसलेल्या कपड्यांची भरपाई, सगळं मंजूर. भाचीनं ते मोठ्यानं वाचलं, मग गल्लीत जाऊन वाचलं, मग गादीवाल्यापुढे उभं राहून दोनदा वाचलं. गादीवाल्यानं टेप गुंडाळून खिशात घातली आणि मनापासून हात जोडले. आळशी होता, वाईट नव्हता.

गवंडी आले. भिंती सोलायला लागले. प्लास्टरचे थरच्या थर धाडधाड खाली येत होते, धुळीचा लोट रस्त्यापर्यंत जात होता आणि मावशी त्या धुळीच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्या होत्या. कपाटाची किल्ली केव्हाच परत मिळाली होती. त्या उठल्या नाहीत. डॉक्टरीणबाई रस्त्यावरूनच हाक मारून विचारून गेल्या, कोट कधीपासून पाठवू?

तेवढ्यात मुलाचा फोन आला. त्या दिवशी बॅगा रिकाम्याच घेऊन तो परत गेला होता.

"आई, तुझी खोली तशीच ठेवलीय हं. कधीही ये."

"ठेव तशीच," मावशी म्हणाल्या. "येणार आहे ना. चार दिवस राहीन, सुनेच्या हातचं खाईन, बस म्हणाली की बसेन. पाहुणी म्हणून येणार. आणि पाहुणीला परत जायला आपलं घर लागतं, ते आहे बघ माझं."

पलीकडे मुलगा हसला. मग म्हणाला, "आहे, आई. तुझंच आहे."

मावशींनी फोन ठेवला. त्यांचा ऊर इतका भरून आला होता की गवंड्यांसमोर, उघड्या विटांसमोर, सगळ्या रस्त्याच्या देखत त्या मोठमोठ्यानं रडल्या, आणि धुळीनं माखलेला चेहरा त्यांनी पुसलाही नाही.